भट्टीपाशी उभी अर्नेस्टीन

प्रिय अर्नेस्टीन,

अक्षर पाहून बिचकू नकोस. या वयात मी लिहायला शिकले असं वाटून तू खुर्चीतून घसरशील, म्हणून आधीच सांगते, हे अक्षर समोरच्या क्लीओफसचं आहे. जन्मभर त्याने मेम्फिसभर लोकांची पत्रं वाटली, पण स्वतः कुणाला एक ओळ लिहिली असेल तर शपथ. आता माझ्या व्हरांड्यात बसलाय, चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून. मी चार वाक्यं बोलले की हा एक लिहितो आणि वर मलाच सांगतो, ‘मिस मोझेल, पत्रात असं लिहीत नसतात.’ मी म्हटलं, तू पाकिटं पोचवणारा माणूस, पाकिटाच्या आत काय असतं ते तुला काय ठाऊक. केकचा दुसरा तुकडा त्याच्या पुढ्यात आहे, तेव्हा तो संपेपर्यंत तरी माझं ऐकेल.

शनिवारी संध्याकाळी तुझ्या रॉस्कोचा डेट्रॉइटहून फोन आला. तुझ्यापासून मी कधी काही लपवलं नाही, तेव्हा जसं ऐकलं तसं सांगते. तो म्हणाला की दुपारी जेवण झालं की तू अगदी आपली तू असतेस. कॉफी गार आहे म्हणतेस, पलंगाची चादर नीट खोचली नाही म्हणून तिथल्या मुलींना बोलतेस. ते ऐकून मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, बाई जागेवर आहे. पण सकाळी तू कुणाचंच ऐकत नाहीस. अंधार असतानाच उठतेस, कुणी खांद्याला धरून बसवलं तर पुन्हा उभी राहतेस, तोंडात घास घेत नाहीस. वजन उतरलंय. परवा एका नर्सला ढकललंस म्हणे. त्या वृद्धाश्रमातल्या बाईंनी रॉस्कोला बोलावून सांगितलं, हे असंच चाललं तर यांना वरच्या मजल्यावर न्यावं लागेल, जिथल्या दाराला बाहेरून कुलूप असतं आणि माणसाला औषध देऊन निजवून ठेवतात. महिनाअखेरपर्यंत बघू म्हणाल्या. हे सांगताना रॉस्कोचा आवाज असा झाला होता, लहानपणी ट्रे हातातून पडला की व्हायचा तसा. म्हणून मी त्याला सांगितलंय, हे पत्र आईला दुपारीच वाचून दाखव, तिच्या शहाण्या वेळी. शेवटचा भाग सोडून. त्या भागाचं मी शेवटी सांगते.

फोन आला तेव्हा मी नुकतीच शाळेतून आले होते. हो, आपण जिथे पोरांना रांधून घातलं त्या आपल्याच शाळेतून, हॅम्लिनमधून. आता तिला शाळा म्हणायचं नाही. इतकी वर्षं खिडक्यांना फळ्या ठोकून पडली होती, वेल पार कौलांवर चढला होता, आणि मग कुणीतरी ती विकत घेतली आणि आत घरं केली. एकेका वर्गाचं एकेक घर. वर्गातले काळे फळे भिंतीवर तसेच ठेवलेत, शोभेसाठी. लोक त्यावर खडूने दुधाचा हिशेब लिहितात म्हणे. जिथे पोरांना शिक्षा म्हणून उभं करायचे तिथे आता कुणाचा तरी सोफा आहे. आणि आपली जेवणाची खोली त्यांनी सगळ्यांनी मिळून बसायला ठेवलीये. शनिवारी तिचं उद्घाटन होतं. इमानी नावाची एक मुलगी, कॉलेजात शिकवते, आपल्याच भागातली, तिचे वडील मागच्या गल्लीतल्या न्हाव्याच्या दुकानात होते, ती मला न्यायला आली. म्हणाली, मिस मोझेल, तिथे पूर्वी काम केलेली माणसं हवीत. मी म्हटलं, माणसं कुठून आणू, मी एकटीच उरलेय. ती म्हणाली, मग तुम्ही या.

मी निळी टोपी घातली, ईस्टरची. गेले तर भरपूर माणसं होती, गोरी, काळी, सगळी तरुण, सगळ्यांच्या हातात ग्लास. भिंती पांढऱ्या केल्यात. भट्ट्या काढून टाकल्यात, अर्नेस्टीन. तू जिथे उभी असायचीस तिथे आता एक कुंडी आहे, त्यात काटेरी काहीतरी. वाढपाची खिडकी मात्र तशीच आहे, तो स्टीलचा कट्टासुद्धा, माझ्या कोपरांनी गुळगुळीत झालेला. मी काय केलं असेल? सवयीने बाजूच्या दारातून आत गेले आणि खिडकीच्या मागे जाऊन उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. इमानी हळूच आत आली, हाताला धरून म्हणाली, तुम्ही पाहुण्या आहात, बाहेर बसायचं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं तिथे काढली, पण त्या जेवणाच्या खोलीत मी कधी खुर्चीवर बसलेच नव्हते. बसल्यावर ती खोली केवढी मोठी वाटते, तुला सांगते. आणि आपली खिडकी केवढीशी.

मग मला पुढे बोलावून गोष्टी सांगायला लावल्या. मी लुला मेपासून सुरुवात केली, कारण तिच्याआधी कुणाचं नाव घेतलं तर ती थडग्यातून उठून पळी मारायला येईल. मी सांगितलं की लुला मे आमच्या स्वयंपाकघराची मुख्य. अंगाने एवढीशी, पण तिच्या पुढे मुख्याध्यापकसुद्धा टोपी काढून उभे राहायचे. सरकारी पावडरीचं दूध आणि डब्यातलं चीज यांतून तिने पोरांना जे खाऊ घातलं ते मोठ्या हॉटेलात मिळायचं नाही. मग मी तुझं सांगितलं. तू बारावी पास, मास्तरीण व्हायची होतीस, वडील गेले म्हणून स्वयंपाकघरात आलीस. तुझे लादीपाव सांगितले. भट्टीतून पहिली लादी निघाली की वास तिसऱ्या वर्गापर्यंत जायचा आणि गणिताच्या बाई फळ्याकडे तोंड करून लाळ गिळायच्या. लोक हसले. तुला मधे वरच्या कार्यालयात देखरेखीच्या कामावर घेतलं होतं ते पण सांगितलं. खुर्ची, पंखा, टाचेचे बूट, सगळं मिळालं होतं. आणि तू एक हिवाळासुद्धा काढला नाहीस तिथे. परत आलीस, एप्रन बांधलास आणि म्हणालीस, ‘तिथे पोरांचा गोंगाट ऐकू येत नाही, मला कळेना मी कामाला आलेय की चर्चमध्ये.’ मी तुला तेव्हा वेडी म्हटलं होतं. अजूनही म्हणते. पण त्या वर्षी तू परतली नसतीस तर मीसुद्धा फार टिकले नसते, हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू डोक्यावर बसली असतीस.

हे सगळं झाल्यावर इमानीने विचारलं, तुमच्या कामाचा हेतू काय होता? एवढं आयुष्य त्यात घातलंत, मागे वळून बघताना काय वाटतं, कशासाठी होतं ते? मुलगी चांगली आहे, मनापासून विचारत होती. बाकीचेही ग्लास खाली ठेवून ऐकत होते. आता आमच्या वेळी त्याला हेतू वगैरे काही म्हणत नव्हते, कामावर जाणं म्हणत होते. मी म्हटलं, ‘घंटा व्हायच्या आत लादी बाहेर काढणं, हाच हेतू.’ सगळे खूप हसले, टाळ्या वाजवल्या. मी खाली बसले आणि मला जरा लाज वाटली. खोटं नव्हतं ते, पण पुरतंही नव्हतं. त्यांना काहीतरी मोठं हवं होतं आणि माझ्याकडे मोठं काही नव्हतं. आपण खाऊ घातलेल्यांतला एक न्यायाधीश झाला, बरेच बसगाड्या चालवतात, काही तुरुंगात आहेत, काही नको तेवढ्या लवकर गेले. आपल्या पावांचा त्यात काही हात नाही. पाव खाऊन कुणी सज्जन होतो असं मी तरी पाहिलं नाही. तू तिथे असतीस तर काय बोलायचं ते तुला सुचलं असतं. तू वाचलेली बाई. पण तिथे काटेरी कुंडी होती.

इमानीने मला घरी सोडलं. गल्लीत शिरताना विचारलं, इथे ओळखीचं कोण कोण आहे? मी क्लीओफसच्या घराकडे बोट केलं आणि मग माझं बोट कुठे वळवावं ते मला कळेना. तुझं पिवळं घर आता करड्या रंगाचं आहे. सगळीच करडी करतात आजकाल, जसा काही सगळ्या गल्लीला ताप आलाय. माणसं वाईट नाहीत. फक्त गाडीतून उतरून घरात आणि घरातून गाडीत. व्हरांड्यात खुर्च्या मांडतात, पण बसलेलं कुणी मी पाहिलेलं नाही.

आणि माझी पंचाईत काय आहे ते तुला सोडून कुणाला कळणार नाही. मला एकट्यापुरता स्वयंपाक येत नाही, अर्नेस्टीन. हातांना लुला मेच्या परातीचंच माप ठाऊक आहे. कमी मैदा घेतला की कणीक दगड होते, का ते देव जाणे. निम्मं घेतलं, निम्म्याचं निम्मं घेतलं, सगळं फसलं. तेव्हा मी पाव करते तेव्हा शाळेपुरते करते. नंतर ते टोपलीत घालून दारोदार फिरते. पूर्वी परतताना टोपली रिकामी असायची आणि कडेवर कुणाचं तरी पोर असायचं. आता दाराला डोळा बसवलेला असतो. बटण दाबलं की दारच बोलतं. परवा एका दाराने विचारलं, ‘कोण हवंय?’ मी म्हटलं, कोणी नको, पाव आणलेत. दार म्हणालं, ‘आम्ही काही मागवलं नव्हतं.’ मी म्हटलं, बाळा, मलाही कुणी मागवलं नव्हतं, तरी आलेय. मी दोन पाव पायरीवर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराला चिठ्ठी. मी ती आठवडाभर तशीच राहू दिली, म्हटलं आभार मानले असतील, शोभा आहे. मग क्लीओफसने वाचली. त्यांच्या मुलीला गव्हाचं चालत नाही, कृपया काही ठेवू नये. फार सभ्य लिहिलं होतं, क्लीओफस म्हणतो. आता उरलेले पाव मी चर्चमध्ये नेते, आणि त्यातूनही उरले तर पक्ष्यांना. आपल्या भागातली कबुतरं सध्या लठ्ठ झालीत.

लुला मेच्या मयतीला तुझं कंबरेचं हाड मोडलं होतं, तू येऊ शकली नाहीस, म्हणून तेही सांगते. गाणी छान झाली. पण दफन करून आल्यावर खालच्या दालनात गेलो तर जेवण बाहेरून आलेलं. चांदीच्या कागदाचे ट्रे, हातमोजे घातलेली मुलं, सगळं टापटीप. लुला मेच्या जेवणाला बाहेरचा पाव. नव्या पाद्रीबाबांनी मला खुर्ची दिली, ताट आणून दिलं, म्हणाले, ‘आजी, तुम्ही आयुष्यभर केलंत, आता बसून खा.’ त्यांच्या मनात चांगलंच होतं. मी बसले. हात कुठे ठेवायचे ते समजेना, म्हणून टेबलाखाली ठेवले. कोलार्डच्या पालेभाजीत मीठ नव्हतं. सगळी माणसं जेवली की नाही तेही खुर्चीवरून मला दिसत नव्हतं, समोर एक मोठी टोपी होती. अर्धं ताट टाकून मी उठले आणि भांडी घासायला गेले तर घासायला भांडीच नव्हती. सगळं फेकायचं. तेव्हा मी तिथल्या कोरड्या नळापाशी थोडा वेळ उभी राहिले. कुणाला सांगू, काय सांगू. फोन तुला करावा तर तुला तेव्हा दवाखान्यात गुंगीत ठेवलेलं.

क्लीओफस म्हणतो, पत्र फार उदास होत चाललंय. त्याला म्हटलं, तुझा केक संपला म्हणून तुला उदास वाटतंय.

तर शनिवारी टोपी काढून मी नुकती टेकले होते आणि रॉस्कोचा फोन आला. वरच्या मजल्याचं त्याने सांगितलं. मी विचारलं, ती सकाळी उठून नक्की करते काय? तो म्हणाला, काही करत नाही, मिस मोझेल, तेच तर. मोठा टॉवेल कंबरेला गुंडाळते, भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि उभीच असते. बस म्हटलं तर ‘अजून नाही’ म्हणते. खा म्हटलं तर ‘आधी त्यांना’ म्हणते. मी तिला रोज समजावतो की शाळा केव्हाच बंद झाली, मिस लुला मे वारल्या, तू आता डेट्रॉइटला आहेस. आणि रोज सकाळी ती ते पहिल्यांदा ऐकल्यासारखी रडते. रडून झालं की पुन्हा भिंतीकडे वळते. डॉक्टर म्हणाले, या आजारात असंच होतं. मिस मोझेल, ती कशाची वाट बघते तेच मला कळत नाही.

मला कळलं होतं. ऐकल्याक्षणी कळलं होतं.

त्याला कुठून ठाऊक असणार, पोर बाहेर ट्रे घेऊन रांगेत असायचं. मी त्याला समजावलं. म्हटलं, रॉस्को, तुझी आई मागे भट्टीपाशी असायची, भिंतीकडे तोंड. तिला जेवणाची खोली दिसायची नाही. आत किती पोरं आली, कुणाला मिळालं, कुणाला नाही, काही दिसायचं नाही. पुढे खिडकीत मी. मला वाचता येत नव्हतं, पण चेहरे येत होते. आणि लुला मेचा नियम होता की खिडकीतून हाक येईपर्यंत भट्टीवालीने एप्रन सोडायचा नाही, बसायचं नाही, घास घ्यायचा नाही. शेवटचं पोर ताट घेऊन वळलं की मी मागे तोंड करून हाक द्यायची. मगच तुझी आई बसायची. एका आगाऊ नव्या मुलीने हाकेच्या आधी पाव तोंडात टाकला तर लुला मेने तिला घरी पाठवलं होतं. तुझी आई वेडी झालेली नाही, बाळा. तिला आजच्या दिवसाची हाक मिळालेली नाही. कुणी दिलीच नाही, तर ती बसेल कशी?

तो म्हणाला, मग तुम्ही फोनवर द्या. आम्ही तेही करून पाहिलं, तुला आठवणार नाही. रविवारी पहाटे त्याने फोन तुझ्या कानाला लावला आणि तू म्हणालीस, ‘आत्ता वेळ नाही,’ आणि त्याच्या हातात परत दिलास. बरोबरच आहे, कामाच्या वेळी तू कधी फोन घेतला होतास? मी स्वतः येऊन उभी राहिले असते. पण माझे गुडघे आता व्हरांड्याच्या पायऱ्यांनाही घाबरतात. आणि समजा आले, तरी मी रोज कुठवर पुरणार? लुला मे गेली. उद्या खिडकीतली गेली तर भट्टीपाशी तू उभीच राहशील. या विचाराने मला दोन दिवस झोप लागली नाही. मग आज क्लीओफसला हाक मारली. म्हटलं, वही घेऊन ये. मी कागदावर जन्मात कधी विश्वास टाकला नाही, पण एवढं खरं आहे की कागद माझ्याइतका लवकर मरत नाही. इमानीला जे उत्तर द्यायला हवं होतं, की शेवटचं पोर जेवेपर्यंत आपण बसायचं नाही, ते मला आत्ता सापडलं, पण ती गेली घरी. असू दे.

हे सगळं तू दुपारी ऐकशील, हसशील, मला खोटारडी म्हणशील, आणि सकाळपर्यंत विसरून जाशील. विसर. माझं काही म्हणणं नाही. पण आता पुढचं क्लीओफस वेगळ्या कागदावर लिहितोय, आणि पत्र लिहिलं ते या कागदासाठीच. रॉस्को, आता तू ऐक. उद्यापासून तिला शाळा बंद झाली असं सांगू नकोस. खोटं बोल असंही मी म्हणत नाही, यात खोटं एक अक्षर नाही, ती सगळी पोरं कधीच जेवून गेली. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली की तू तिच्या मागे, जरा लांब, खोलीच्या दाराशी उभा राहा. जवळ जाऊ नकोस, हात लावू नकोस. मोठ्याने वाच, गोंगाटातून ऐकू जाईल असं. तुझा आवाज माझ्यासारखा नाही, पण तुझं नाव न सांगता माझं सांग. वाचून झालं की तिला वळायला वेळ दे, घाई करू नकोस. ती आधी विचारेल, ‘सगळी?’ रोज विचारायची. तेव्हा म्हण, सगळी. आणि मगच खुर्ची पुढे कर.

अर्नेस्टीन, मी मोझेल, खिडकीतून. शेवटचं पोर ताट घेऊन गेलं. मागे कुणी राहिलं नाही, मी नीट पाहिलंय. सगळी जेवली. एप्रन सोड, बस, आणि आता तू खा.

तुझीच,
मोझेल